मोडीच्या बाडात निघालेला केरीचा कोश

मोडी कागदांचे देवनागरीत लिप्यंतर करणे हा माझा व्यवसाय असून निवाडे, वतनपत्रे आणि सावकारी खाती यांच्यापलीकडे त्यात नवल असे क्वचितच हाती लागते. गेल्या पावसाळ्यात एका जुन्या ग्रंथालयातील हस्तलिखितांची यादी करीत असताना तेथील शिपाईमामांनी तांबड्या रुमालात बांधलेले एक बाड माझ्यापुढे ठेवले. "ताई, हेही मोडीच आहे बघा, पण फार जाड आहे," ते म्हणाले. बाडाची सुरुवातीची पाने गळालेली होती आणि यादीत त्याची नोंद 'मोडी हस्तलिखित, विषय अज्ञात' अशी होती.

घसीट मोडीत लेखक बोरू उचलत नाही, त्यामुळे एकाच हाताने लिहिलेला 'ज' दोन ओळींत दोन प्रकारचा दिसतो आणि आमचे अर्धे आयुष्य तो ओळखण्यात जाते. येथे मात्र प्रत्येक 'क' साच्यातून काढल्यासारखा होता आणि शब्दांपुढे इंग्रजीत अर्थ दिलेले होते. पान उलटून मागच्या बाजूने बोट फिरवले, तेव्हा खिळ्यांचे उठाव स्पष्ट लागले. हे लिहिलेले नव्हते, छापलेले होते.

स्कॅन केलेल्या प्रतीशी पाने ताडून पाहिल्यावर शंका उरली नाही. तो विल्यम केरी यांचा 1810 साली श्रीरामपूरला छापलेला मराठी-इंग्रजी कोश होता. "म्हणजे आपल्या नगरकडचं श्रीरामपूर?" मामांनी विचारले. नव्हे, हुगळीकाठचे, बंगालमधले.

मोची म्हणून उमेदवारी केलेला हा इंग्रज 1793 मध्ये धर्मप्रसारासाठी बंगालमध्ये आला आणि कंपनी सरकारला मिशनरी नकोसे असल्यामुळे 1800 साली डेन्मार्कच्या ताब्यातील श्रीरामपुरात स्थिरावला. पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात त्यांची नेमणूक झाली, आणि तेथे कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना मराठी शिकवता शिकवता त्यांनी 1805 मध्ये मराठीचे व्याकरण आणि मत्तयाचे शुभवर्तमान छापले. ख्रिस्ताचा संदेश पोहोचवणे हा आपला हेतू त्यांनी कधी लपवला नाही, आणि तो मान्य नसलेल्यानेही हे पाहावे की पोथ्यांची बालबोध, म्हणजे देवनागरी, हाताशी असताना कोशासाठी त्यांनी मोडीचे खिळे पाडून घेतले, कारण दप्तरे आणि हिशेब ज्या लिपीत चालत तीच त्यांच्या विद्यार्थ्यांपुढे येणार होती. मला, रोज तेच हिशेब वाचणारीला, हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. पुढे छपाईत मोडी टिकली नाही. 1831 चा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश देवनागरीत आला आणि मोडी मुख्यतः हाताच्या लिखाणापुरती उरली. श्रीरामपूरच्या छापखान्याला तर 1812 च्या मार्चमध्ये आग लागून कागद, खिळे आणि कित्येक भाषांमधील हस्तलिखिते जळाली होती. त्याआधी बाहेर पडलेली ही एक प्रत, कसरीने कडा खाल्लेली, माझ्या टेबलावर होती.

संध्याकाळी नोंद दुरुस्त करताना 'हस्तलिखित' खोडून 'छापील' लिहिले. कर्त्याच्या रकान्यात केरींचे नाव लिहिल्यावर जागा संपली. महाराष्ट्रात कधी न राहिलेल्या या माणसाला मराठीच्या कामात ज्यांनी साथ दिली, त्या कॉलेजातील वैजनाथ पंडितांसाठी छापील तक्त्यात रकानाच नव्हता. मी त्यांचे नाव शेऱ्यात लिहिले, आणि शेजारी मोडीतही.

"आता रुमालातच बांधू की पुस्तकांच्या कपाटात ठेवू?" मामांनी विचारले. कपाटात, मी म्हटले, पण आडवे ठेवा, पाठ निखळली आहे.