आर्करूला: मेंढ्या गेल्या, पिवळ्या पायांची वॉलबी राहिली

आर्करूला हे पूर्वी मेंढ्यांचं स्टेशन होतं, असं मी सांगितलं. "स्टेशन म्हणजे? रेल्वे जाते का तिथे?" बाबांचा पहिला प्रश्न. ऑस्ट्रेलियात हजारो एकरांच्या मेंढ्यांच्या किंवा गुरांच्या रानाला स्टेशन म्हणतात, हे समजावण्यात ॲडलेड ते पोर्ट ऑगस्टा हा सगळा रस्ता गेला. बाबा मूळचे माणदेशातले. धनगरवाडा शेजारीच, त्यामुळे मेंढरांच्या विषयात त्यांना कुणी शिकवायला जाऊ नये.

आर्करूला हे दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स रेंजेस या पर्वतरांगांच्या उत्तर भागातलं ६१० चौरस किमीचं खाजगी अभयारण्य आहे. ॲडलेडहून रस्त्याने साडेसहाशे ते सातशे किमी भरतं. लोक हे अंतर एका दिवसात कापतात. तुम्ही तसं करू नका, विशेषतः सोबत सत्तरीतले आई-वडील असतील तर. आम्ही वाटेतल्या क्वॉर्न गावात मुक्काम केला आणि त्याचा आणखी एक फायदा झाला. गावापासून जवळच असलेल्या वॉरन गॉर्ज या घळीतही पिवळ्या पायांच्या रॉक वॉलबीचा, म्हणजे खडकांत राहणाऱ्या छोट्या कांगारूसारख्या प्राण्याचा, कळप राहतो. पुढे दिसली नाही तर निदान इथे बघून घ्यावी, असा माझा हिशोब. पहाटे गेलो, अर्धा तास कुडकुडलो आणि लांबवर एक शेपटी पाहिली. बस्स.

कॉपलीला डांबर संपतं. तिथून पुढे साधारण १३० किमी कच्चा रस्ता, पन्हळी पत्र्यासारखा. टायरमधली हवा थोडी कमी केली की गाडी कमी थडथडते. भाड्याची गाडी घेताना दोन गोष्टी लेखी विचारा: कच्च्या रस्त्यावर विमा चालतो का, आणि स्टेपनी पूर्ण आकाराची आहे का. आम्ही पहिलीच विचारली. चाळीसेक किमीवर मागचं टायर फाटलं आणि डिकीतून सायकलचं शोभावं असं बारकं चाक निघालं. उरलेला रस्ता बैलगाडीच्या वेगाने काटला. फोनला रेंज नव्हती. दर माणशी दहा लिटर पाणी सोबत ठेवलेलं होतं, म्हणून निदान जिवाला घोर नव्हता.

मेंढ्यांची ही जागा रेग स्प्रिग नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये विकत घेतली. हा साधा माणूस नव्हे. १९४६ मध्ये याच पर्वतरांगांच्या पश्चिमेला, एडियाकरा टेकड्यांमध्ये, त्याला जेलीफिशसारख्या दिसणाऱ्या प्राण्यांचे ठसे सापडले. पृथ्वीच्या इतिहासातल्या एका अख्ख्या कालखंडाला आज त्या टेकड्यांचं नाव आहे. त्याचे गुरू डग्लस मॉसन, अंटार्क्टिकाच्या मोहिमा करणारे भूगर्भशास्त्रज्ञ. त्यांनीच त्याला या डोंगरांचा नाद लावला होता. स्प्रिगने आणि त्याची बायको ग्रिसेल्डा हिने मेंढपाळी बंद करून पर्यटन सुरू केलं आणि त्या पैशातून जमीन सांभाळली. या डोंगरांत युरेनियम आहे, त्यामुळे खाणवाल्यांचा डोळा कायमच होता. अखेर २०१२ मध्ये खास या एका जागेसाठी कायदा झाला. आता तिथे खाणही नाही आणि चराईही नाही.

मेंढ्या हटवल्या की रान आपोआप परत येतं, असं मला वाटायचं. आमच्या गाइडने तो गैरसमज दूर केला. मेंढ्यांसाठी बांधलेल्या तळ्यांवर रानटी बोकड-बकऱ्या पोसल्या गेल्या. मेंढरं गेली तरी त्या राहिल्या. वॉलबी जे झुडूप खाते तेच बकरी खाते, आणि ज्या कपारीत वॉलबी ऊन टाळते तिथे बकरी जाऊन बसते. त्यात कोल्हे पिल्लं उचलतात, शिवाय रानटी मांजरं आहेतच. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षांनंतरही बकऱ्या हटवणं चालूच आहे. एक पावसाळी वर्ष आलं की त्यांची संख्या पुन्हा फुगते. १९९२ पासून राज्य सरकारचा बाउन्सबॅक नावाचा कार्यक्रमही फ्लिंडर्सभर हेच करतो. बकऱ्या मारतात हे ऐकून आईने तोंड फिरवलं. बाबा मात्र बराच वेळ त्या उघड्या उतारांकडे बघत होते. मग म्हणाले, "आपलं मेंढरू दिवाळीनंतर कोकणात उतरतं. एका शेतात दोन रात्री बसवलं की पुढं. इथं कुंपण घालून वर्षभर एकाच जागी चारलं. पाऊस किती म्हणालास?" वर्षाला सरासरी २५० मिलीमीटरच्या आसपास, मी सांगितलं. माणदेशातही याहून जास्त पडतो. बाबांनी नुसतं "हं" केलं.

आता वॉलबी. पहिले दोन दिवस आम्ही तिच्या मागे गाडी फिरवली, ही चूक. तिसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या तासभर आधी एका डोहाजवळ दगडावर जाऊन बसलो. गप्पा नाहीत, बिस्किटाच्या पुड्यांची करकर नाही. वीसेक मिनिटांनी समोरच्या तांबड्या खडकाचा एक तुकडा हलला. इतका वेळ ती तिथेच होती. गालावर पांढरा पट्टा, पाय हळदीत बुडवल्यासारखे, आणि लांब शेपटीवर तपकिरी-पिवळी कडी. पुढचे दोन्ही पाय पोटाशी धरून ती आम्हाला न्याहाळत राहिली. मग शेपटी पाठीवर कमानीसारखी वळवून जवळजवळ उभ्या कड्यावरून तीन उड्यांत खाली आली. दगडाचा आवाजसुद्धा झाला नाही. या कातड्यासाठीच एके काळी तिची बेसुमार शिकार झाली होती. दुर्बीण जरूर न्या. मोबाइलच्या फोटोत नुसता खडक येतो, माझ्याकडे असे चाळीस खडक आहेत.

आर्करूलातली रिजटॉप टूर, म्हणजे डोंगरमाथ्यावरची गाडीची सफर, महाग आहे, पण पैसे वसूल होतात. युरेनियम शोधण्यासाठी बुलडोझरने कोरलेल्या वाटेवरून उघडी फोर-व्हील-ड्राइव्ह डोंगराच्या कण्यावरून जाते, ती थेट सिलर्स लुकआउटपर्यंत. कंबरदुखी असलेल्यांनी विचार करावा, आई अर्ध्या वाटेत रामरक्षा म्हणत होती. टोकावरून पूर्वेला फ्रोम सरोवराची पांढरी मिठाची रेघ दिसते. इथल्या मूळच्या अद्न्यामथन्हा लोकांच्या कथेत अकुर्रा नावाच्या अजस्र सर्पाने ते सरोवर पिऊन कोरडं केलं. जड पोटाने सरपटत परतताना त्याच्या अंगाने ओढ्याची घळ कोरली गेली, आणि त्याच्या पोटाची गुरगुर अजून ऐकू येते. या भागात बारीकसारीक भूकंप सतत होतात, हे त्यासोबत ठेवून बघा.

रात्री अंधार असा की हात दिसत नाही. २०२३ पासून या जागेला आंतरराष्ट्रीय डार्क स्काय सँक्च्युअरीचा, म्हणजे दिव्यांच्या उजेडापासून जपलेल्या अंधाऱ्या आकाशाच्या जागेचा, दर्जा आहे. आम्ही जुलैत होतो. घरी दक्षिणेकडे कलणारा वृश्चिक इथे थेट डोक्यावर, लालसर ज्येष्ठेसकट. बाबांना मान वर करून चक्कर आली, म्हणून चटई टाकून आडवे झाले.

जायचं तर एप्रिल ते सप्टेंबर. तिथल्या उन्हाळ्यात (डिसेंबर ते फेब्रुवारी) जाण्यात शहाणपण नाही. थंडीच्या रात्री पारा खूप उतरतो, स्वेटर-कानटोपी हवी. पाऊस झाला की रस्ते बंद होतात आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर जबर दंड आहे, म्हणून एक दिवस हातचा ठेवा. कॉपलीच्या अलीकडे ली क्रीकला टाकी भरा. आर्करूलातही पेट्रोल मिळतं, पण दर बघून डोळे पांढरे होतात. शाकाहारी असाल तर डाळ-तांदूळ आणि छोटा कुकर सोबत घ्या. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, कांगारू पुढ्यात उडी मारतो.

परतताना हॉकर आणि क्वॉर्नच्या मधे कन्याका स्टेशनचे दगडी अवशेष लागतात. आईने पाटीवर 'कन्यका' वाचलं आणि इथे कोणती देवी म्हणून उतरली. १८६० च्या दशकातल्या दुष्काळात इथल्या हजारो मेंढ्या मेल्या. मात्र स्टेशन उभारणारा तरुण ह्यू प्रोबी त्याआधीच, १८५२ मध्ये गेला होता, एका ओढ्याला अचानक आलेल्या पुरात बुडून. लोकर कातरायच्या पडक्या शेडमध्ये बाबा दाराच्या चौकटीची रुंदी वितीने मोजत होते. म्हणाले, एका वेळी दोन मेंढ्या जात असतील.