चौदा वेळा वाचून

मंगळवार, रात्री

भाचीचा फोन बराच वेळ चालला. "मावशी, वाचताना सगळं येतं गं, मग पेपर हातात आला की जातं कुठे?" हे नेहमीचंच. पण त्यापुढे म्हणाली, "मला वाटतं माझं डोकंच कमी आहे," ते मात्र लागलं. फोनवर जे सुचलं ते सांगितलं. आता निवांतपणे लिहून काढते.

तिचं डोकं कमी नाही. वाचताना उत्तर डोळ्यांसमोर असतं. ओळखीचं वाक्य दिसलं की मन लगेच मान डोलावतं, हो हो, हे येतं मला. पेपरात नुसता प्रश्न असतो आणि उत्तर आतून काढावं लागतं. ओळखणं आणि आठवणं ही वेगवेगळी कामं आहेत. हिचा सगळा सराव पहिल्याचा, परीक्षा दुसऱ्याची.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांचा २००६ सालचा प्रयोग यासाठी मला फार आवडतो. कॉलेजच्या मुलांना एक छोटा उतारा दिला. एका गटाने चारही फेऱ्यांत तो फक्त वाचला, सरासरी १४ वेळा. दुसऱ्या गटाने एकाच फेरीत वाचला, तीन-साडेतीन वेळा. मग उतारा काढून घेतला आणि उरलेल्या तीन फेऱ्यांत आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तर वाचणारे पुढे: ८३ टक्के, आणि लिहिणारे ७१. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांकडे ४० टक्केच उरलं होतं, लिहिणाऱ्यांकडे ६१. आणि आठवड्याने आपल्या किती लक्षात राहील असं आधी विचारलं होतं, तेव्हा जास्त खात्री कोणाला होती? १४ वेळा वाचणाऱ्यांना!

त्या पाच मिनिटांनंतरच्या ८३ टक्क्यांना मी कमी लेखणार नाही. घोकंपट्टी इतकी वर्षं टिकून आहे ती त्यांच्याच जोरावर. आदल्या रात्री दहा वेळा वाचायचं, सकाळी पेपर निभावून न्यायचा. मार्क पडतात, म्हणजे पद्धत बरोबरच असणार! महिन्याभराने त्यातलं काय उरलं, हे सहसा कोणी विचारत नाही.

जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धती पुराव्याच्या कसोटीवर तपासल्या. त्यांतल्या दोनच वरच्या श्रेणीत बसल्या: स्वतःची चाचणी घेत राहणं आणि अभ्यास दिवसांवर विभागणं. पुन्हा पुन्हा वाचणं आणि ओळी रंगवणं खालच्या श्रेणीत गेलं. (भाचीकडे हायलायटरचे पाच रंग आहेत. त्याबद्दल मी आज काही बोलले नाही.) 'मी पाहून शिकणारी, ती ऐकून शिकणारी' अशी जी वाटणी शाळांमधून अजून चालते, तिच्याप्रमाणे शिकवलं तर जास्त कळतं, याला भक्कम पुरावा नाही.

पद्धती सांगणं सोपं आहे. आता तर कुठेही वाचायला मिळतात. मग मुलं त्या वापरत का नाहीत? मला वाटतं, आळसापेक्षा यात अपमानाचा भाग मोठा आहे. पुस्तक मिटून कोरा कागद समोर घेतला की पहिल्या पाच ओळींतच पेन थांबतं. आत्ताच तर वाचलं होतं! तो क्षण झोंबतो. पुस्तक उघडलं की झोंबणं थांबतं, म्हणून हात पुस्तकाकडेच जातो. भाचीचं "डोकंच कमी" याच क्षणातून आलेलं आहे. अडखळणं हा तिला निकाल वाटतो. खरं तर डोकं ताणून आठवायचा प्रयत्न करणं आणि मग पुस्तकाशी ताडून पाहणं, यातच पाठ पक्का होतो. ताडून पाहणं मात्र सोडायचं नाही, नाहीतर चुकीचंच घट्ट बसेल. आणि धडा मुळात समजलाच नसेल, तर आठवायला आत काही नसतं. तिथे आधी कोणाकडून तरी समजून घ्यायला हवं.

विसरण्याचंही तेच. हर्मान एबिंगहाउसने अर्थहीन अक्षरगट स्वतःच पाठ करून विसरण्याचं मोजमाप केलं, १८८५ साली. एक दिवस मध्ये गेला की तीच यादी पुन्हा पाठ करताना मूळ श्रमांपैकी जेमतेम एक तृतीयांश वाचत. पुढची घसरण मात्र हळूहळू होते. थोडं विसरू देऊन मग उजळणी केली तर ती कष्टाची होते, पण टिकते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्यॉर्क अशा अडचणींना हव्याशा अडचणी म्हणतात. परीक्षेला जितके जास्त दिवस, तितकं दोन उजळण्यांमधलं अंतर जास्त ठेवलेलं चालतं.

गणिताचं आज बोलायचं राहिलं, आणि तिला खरी गरज तिथेच आहे. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली मुलांकडून घनफळाची उदाहरणं सोडवून घेतली. एका गटाला एकेका प्रकारची सलग दिली, दुसऱ्याला सगळे प्रकार मिसळून. सराव करताना सलगवाल्यांची ८९ टक्के बरोबर आली, मिसळवाल्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तर सलगवाले २० टक्क्यांवर आले, मिसळवाले ६३ वर. कारण उघड आहे. एकाच प्रकारची गणितं ओळीने आली की कोणतं सूत्र लावायचं हे ठरवावंच लागत नाही. धड्याचं नावच ते सांगून टाकतं. पेपरात ते नाव नसतं.

रविवारी तिची वही मागवून घेणार आहे. चार-पाच धड्यांतली गणितं उलटसुलट करून, धड्यांची नावं गाळून कागदावर उतरवून देईन. सुरुवातीला तिची बरीच चुकणार, चिडणारही. ताईला मात्र आधीच फोन करून ठेवायला हवा. सरावातले मार्क घसरलेले दिसले की माझ्याशी भांडायला पहिली तीच येईल.