राणी रंगाचा काना

दिवाळीनंतरच्या एका दुपारी मुद्रिते तपासत बसलो असताना ‘भाजीचे दार वाढले’ असे वाक्य माझ्या डोळ्यांसमोर आले. मी सवयीने तो जादा काना काढायला गेलो, तर काढण्यासारखे तिथे काहीच नव्हते. विंडो थोडी डावीकडे ओढली, तेव्हा दाराचा पुन्हा दर झाला आणि पुढच्या कुठल्यातरी अक्षराला काना फुटला. मग चष्मा पुसून नीट पाहिले. पडद्याच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत केसाएवढी बारीक उभी रेघ पडली होती आणि प्रत्येक ओळीत ती एकेक काना वाटत चालली होती. रंग म्हणाल तर अगदी राणी, साड्यांच्या दुकानातला.

मी त्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढून मुलीला पाठवला. तिचे उत्तर आले, ‘‘बाबा, यात रेघ कुठे आहे?’’ रेघ खरोखरच नव्हती. लॅपटॉपच्या मते त्याने पाठवलेले चित्र स्वच्छ होते. ते काचेवर उमटताना बिघडत होते, आणि म्हणून त्याचा पत्ता त्याला नव्हता, फक्त मला होता. शेवटी फोनने पडद्याचा फोटो काढून पाठवला, तेव्हा तिचा विश्वास बसला आणि लगेच नव्या लॅपटॉपांच्या लिंकाही आल्या.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. दुकानातल्या मुलाने माझ्या लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडला. त्यावर चित्र निर्मळ. मग त्याने झाकण दोन-चारदा मागेपुढे केले. रेघ लुकलुकली असती तर बिजागरीतून जाणारी केबल खराब, आणि ते काम स्वस्तातले. रेघ हलली नाही. ‘‘काका, पॅनल गेलाय. यातली हिरवी गेली,’’ तो म्हणाला. मी म्हणालो, ‘‘रेघ तर गुलाबी आहे.’’ तेव्हा त्याने न कंटाळता समजावले की पडदा १९२० ठिपके रुंद आहे, प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन भाग असतात, म्हणजे एकूण ५,७६० उभ्या रांगा होतात. त्यांतल्या एका हिरव्या रांगेपर्यंत सिग्नल पोहोचत नाही, म्हणून पांढऱ्या पानावर तिच्या जागी उरलेले लाल आणि निळे मिळून राणी रंग दिसतो. पाच हजार सातशे साठांत एक रुसलेली! खर्च सहा हजार रुपये. विचार करून सांगतो म्हणालो, म्हणजे काय ते पुणेकरांना सांगायला नको.

‘पॅनल गेला’ हे शब्द ऐकताच मला ‘पिक्चर ट्यूब गेली’ हे शब्द आठवले, जे आमच्या वाड्यात एखाद्याच्या दुखण्याबद्दल बोलावे तसे हलक्या आवाजात बोलले जात. १९७३ साली सिंहगडावरून दूरदर्शनचे प्रक्षेपण सुरू झाले आणि पेठांतल्या कौलांवरचे सगळे अँटेना गडाकडे तोंड करून उभे राहिले. आमच्याकडे टीव्ही बऱ्याच उशिरा आला आणि आल्यापासून आजारीच असे. चित्र खालून वर सरकत राही, बातम्या देणाऱ्या बाईंचे डोके तळाशी आणि खांदे वर. मग सायकलवरून दुरुस्तीवाला येई, मागचे झाकण उघडी आणि आईला म्हणे, ‘‘वहिनी, आरसा द्या.’’ बिघाड मागे आणि चित्र पुढे, म्हणून टीव्हीसमोर स्टुलावर आरसा उभा करायचा, आणि तो धरून ठेवण्याचे काम माझे. तो टीव्हीच्या मागून मान वाकडी करून आरशातले उलटे चित्र पाही आणि स्क्रू ड्रायव्हरने कुठलेतरी छोटे बटण केसभर फिरवी. ‘‘थांबतंय का?’’ ‘‘थांबलं... परत निघालं!’’ असे पाऊण तास चाले. आरशाच्या पाठीला शेंदरी रंग होता, आणि त्या रंगाची पूड माझ्या शर्टाला लागत असे. शेवटी तो झाकण लावत ‘‘ट्यूब चांगली आहे’’ म्हणाला, की आई चहाचे आधण ठेवी.

ती दुरुस्ती होती. आता पॅनल सहसा कोणी दुरुस्त करत नाही, अख्खा बदलतात, आणि तरीही त्याला दुरुस्तीच म्हणतात. एका अक्षरासाठी पान फाडून नवे लावण्याला आमच्या धंद्यात हा शब्द चालला नसता. मुलीचे म्हणणे मात्र खोडून काढता येत नाही. लॅपटॉप २०१७ सालचा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि विंडोज ११ च्या अटींत माझा प्रोसेसर बसत नाही. म्हणजे सहा हजार घालून मी जुन्या घराला नवी खिडकी बसवणार. एका दुकानात एक्स्चेंजही विचारून पाहिले. तिथल्या माणसाने लॅपटॉप ज्या नजरेने उलटापालटा केला, ती नजर मी बोहारणीच्या डोळ्यांत पाहिलेली आहे. जरतार गेलेला शालू हातात आला की ती अशीच बघायची आणि मग सर्वांत लहान पातेले पुढे सरकवायची.

म्हणून काहीच केले नाही. विंडो रेघेच्या डावीकडे ठेवायची, हा नियम केला, आणि काही आठवड्यांत रेघ दिसेनाशी झाली. नियमही विसरलो.

गेल्या महिन्यात एका निवृत्त शिक्षकांच्या आठवणींचे पुस्तक छापून आले, खाजगी, दोनशे प्रती. दिवंगत पत्नीवरच्या प्रकरणाचे पहिलेच वाक्य आहे, ‘तो कळ फार सुखाचा होता.’ मूळ फाइल उघडली. तिथेही ‘कळ’च होते. तपासताना त्या जागी काना मला दिसला होता, एवढे मला नक्की आठवते.

गठ्ठे अजून वाटले गेले नव्हते. ते घरी मागवून घेतले आणि बारीक टोकाच्या काळ्या पेनाने एकेका प्रतीत काना काढत बसलो. शंभराव्या प्रतीनंतर हात स्थिर राहीना, म्हणून उरलेल्या उद्यावर टाकल्या. लॅपटॉप शेजारीच उघडा होता.