आबांचा एमआरआय अन् आमचं घराणं

आज उदगीरहून आबांना लातूरला मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. एसटीत आबा सारखं विचारत होते, "लग्न कुणाचं हाय रे?"

डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरून पेनाच्या टोकानं पांढरे डाग दाखवले. बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्यात. जुना बीपी, त्यात गोळ्या कधी घेतल्या, कधी नाही. आजीचंही शेवटी असंच झालं होतं, पण तेव्हा गावानं "म्हातारचळ" म्हणून विषय मिटवला.

चुलतभावानं विचारलंच, "साहेब, हे आमच्यात पण उतरणार का?"

डॉक्टर चांगले, घाई केली नाही. अल्झायमरचा, म्हणजे विसरत जाण्याच्या आजाराचा, धोका वाढवणारं एपीओई-४ नावाचं जनुक असतं म्हणाले. एका पालकाकडून आलं तर धोका साधारण तिप्पट, दोघांकडून आलं तर आठ ते बारा पट. तरी ते असूनही अनेकांना आजार होत नाही, अन् नसूनही होतो. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचं खरं थेट उतरणारं दुखणं म्हणजे कॅडासिल. नॉच-३ जनुकातला बिघाड, प्रत्येक लेकराला ५० टक्के शक्यता. त्यात तिशीत अर्धशिशी, पुढं ऐन उमेदीत लकवा. पण ते दुर्मिळ. आबांचं सत्तरीनंतरचं, बीपीचं. म्हणून जनुकाची तपासणी नको म्हणाले. मला पटलं, पैसेही वाचले.

मग भावाचाच बीपी मोजला. १६०/१००. "जिना चढून आलो ना," हा म्हणे. बसवून परत मोजला, तेवढाच.

वहिनीला त्यानं सांगितलेलं नाही. वहिनी, वाचताय ना?