तुम्ही विचारलंत म्हणून: छोट्या जागेतला बोचरा विनोद

चाळीस-पन्नास खुर्च्यांच्या जागेत जहाल स्टँडअप ठेवला, तर लोक चिडून उठून जातील का? आयोजक आणि नवे कलाकार हे सारखं विचारतात. जाऊ शकतात. पण त्याचं कारण विनोदापेक्षा खोलीतच जास्त वेळा सापडतं.

धारदार विनोद ऐकला की माणूस आधी शेजाऱ्याचा अंदाज घेतो. शेजारची खुर्ची रिकामी असेल, तर तो हसू गिळतो. म्हणून ३० तिकिटं गेली असतील तर ३५च खुर्च्या मांडा. मधली वाट बंद करून कडेने ठेवा, कारण ती हशा दुभंगते. पहिली रांग मंचापासून दीड-दोन मीटरवर असावी. येणाऱ्यांना पुढून बसवत या. त्यांच्यावर सोडलंत तर सगळे मागे जाऊन बसतील. कलाकारावर उजेड आणि प्रेक्षकांवर अंधार हवाच. आपण कशावर हसतोय हे इतरांना दिसत असेल, तर माणूस जपून हसतो.

आवाजाकडे मात्र अक्षम्य दुर्लक्ष होतं. अशा विनोदाचा उलटा अर्थ बहुतेकदा शेवटच्या एक-दोन शब्दांत असतो. ते ऐकू आले नाहीत की उरते निव्वळ शिवी. साधा डायनॅमिक माइक (मंचावर नेहमी हातात धरतात तो) पुरतो, पण स्पीकर माइकच्या पुढे हवेत, नाहीतर शिट्टी वाजते. माइकची जाळी मुठीत धरली तरी शिट्टी वाजते, आणि शब्दही घुसमटतात. शो चालू असताना स्वयंपाकघरातला मिक्सर आणि कॉफीयंत्र बंद.

पोस्टरवर आणि तिकिटावर विषय स्पष्ट लिहा, वयाची अटही. हलकाफुलका कार्यक्रम समजून आलेला माणूस विनोदापेक्षा फसवणुकीने जास्त चिडतो. निवेदकाने सुरुवातीची आठ-दहा मिनिटं प्रेक्षकांना हसतं करून खोली तापवावी, मग दहा-दहा मिनिटांचे दोन कलाकार, आणि शेवटी मुख्य कलाकाराची ३०-४० मिनिटं.

सगळ्यात जहाल विनोद पहिल्या पाच मिनिटांत नको. हा माणूस कोणत्या बाजूने बोलतोय हे प्रेक्षकांना तोवर कळलेलं नसतं. प्रत्येक विनोदाची मी एकच परीक्षा सुचवतो: आपण नेमके कोणाला हसलो, हे ऐकणाऱ्याला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. गरिबीवरचा विनोद गरिबाला हसतो की गरिबाला काटकसर शिकवणाऱ्याला? मांडणीतच हे ठरलेलं नसेल, तर पंचलाइन कितीही चोख असली तरी वार चुकीच्या माणसावर बसतो. ओपन माइकवर, म्हणजे कोणालाही मंचावर येऊन सादर करता येतं अशा कार्यक्रमात, तोच विनोद चार-पाच वेळा करा, आवाज रेकॉर्ड करा, आणि हशा नेमका कुठल्या शब्दावर येतो ते ऐका.

शांतता पसरली तर दोन-तीन सेकंद थांबा, एखादा टॅग (त्याच विनोदाला जोडलेली छोटी जादा पंचलाइन) टाका, पुढे चला. ‘तुम्ही फार हळवे आहात’ म्हणून प्रेक्षकांना कधीही झापू नका. सगळी खोली एकजुटीने विरोधात जाते. मध्येच कोणी बोललं तर पहिल्यांदा सोडून द्या. दुसऱ्यांदा त्याचं वाक्य माइकवर पुन्हा म्हणा आणि मग उत्तर द्या, कारण मागच्यांना ते ऐकूच गेलेलं नसतं. तिसऱ्यांदा आयोजकाच्या माणसाने त्याला शांतपणे बाहेर न्यावं. हे काम कलाकाराचं नाही.

आता मोबाइलचं. अमेरिकेतल्या लेनी ब्रूस या स्टँडअप कलाकाराला १९६४मध्ये न्यूयॉर्कच्या एका कॅफेतल्या कार्यक्रमांवरून अश्लीलतेच्या आरोपाखाली अटक झाली. खटल्यात परवाना खात्याच्या निरीक्षकाने आपल्या टिपणांवरून तो कार्यक्रम न्यायालयात सांगितला: त्यात ना ब्रूसची लय, ना हशा, ना ती खोली. ब्रूस दोषी ठरला, १९६६मध्ये वारला, आणि राज्यपालांची माफी आली थेट २००३ साली. आज तेच काम तीस सेकंदांची क्लिप करते. म्हणून दारातच मोबाइल पाकिटात घालून पाकीट चिकटवा आणि ज्याचं त्याच्याकडे परत द्या. सोबत स्वतःचं अखंड रेकॉर्डिंग ठेवा, पहिल्या नमस्कारापासून शेवटच्या टाळीपर्यंत, आणि एक वेगळा माइक प्रेक्षकांच्या दिशेने लावा. तुटक्या क्लिपवरून वाद पेटलाच, तर त्या विनोदाआधी काय बोललं गेलं आणि खोली कशी हसली, हे त्यातूनच दाखवता येतं.