भाचीचा कॅमेरा जर्मनीला पाठवताना

दिवाळीला आलेली भाची जर्मनीला परत गेली आणि तिसऱ्या दिवशी दिवाणाखाली तिची कॅमेऱ्याची पिशवी सापडली. पिशवीत कॅमेरा होता, दोन जादा बॅटऱ्या होत्या आणि २०,००० एमएएचची एक पॉवर बँक होती. "मामा, सगळं एकाच खोक्यात घालून पाठवून दे ना," असे ती फोनवर म्हणाली, आणि मलाही तेव्हा त्यात काही अवघड वाटले नाही.

घराजवळच्या एका कुरियरच्या काउंटरवर मी पिशवी उघडून दाखवली, तेव्हा तिथल्या तरुणाने आवाज खाली आणून सांगितले, "काका, बॅटरी लिहिलं की अडकतं. 'खेळणी' लिहून टाकतो, काही होत नाही." मी पिशवी उचलून परत आलो. त्या मुलाबद्दल माझ्या मनात राग नाही, कारण त्याला हे कोणीतरी असेच शिकवले असणार. पण 'काही होत नाही' हे वाक्य खरे नाही, आणि ते किती खोटे आहे हे माहीत झाल्यावर मला गप्प बसवत नाही.

३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून जर्मनीतल्याच कोलोनकडे निघालेल्या एका बोइंग ७४७ मालवाहू विमानात आग लागली. मालात लिथियम बॅटऱ्या मोठ्या संख्येने होत्या. वैमानिकांनी विमान दुबईकडे वळवले, पण कॉकपिटमध्ये इतका धूर कोंडला की समोरची उपकरणेही दिसेनाशी झाली आणि आगीची पहिली सूचना मिळाल्यापासून अर्ध्या तासाच्या आत विमान कोसळले. दोघेही वैमानिक गेले. चौकशी अहवालात असे नोंदवले आहे की मालातल्या किमान तीन खेपांमधल्या बॅटऱ्या घातक माल म्हणून जाहीर करायला हव्या होत्या, आणि तशा त्या जाहीर केलेल्या नव्हत्या. खोक्यावर 'खेळणी' लिहिणाऱ्या माणसाला हे दोघे कधी दिसत नाहीत, म्हणूनच त्याला लिहिणे सोपे जाते.

लिथियम आयन बॅटरीत दोन ध्रुवांच्या मध्ये प्लास्टिकचा अगदी पातळ पडदा असतो आणि आतला द्राव ज्वलनशील असतो. दाब, भोक, शॉर्ट सर्किट किंवा निर्मितीतला दोष यांमुळे तो पडदा फाटला की बॅटरी स्वतःच तापू लागते, त्या उष्णतेने आतल्या रासायनिक क्रिया आणखी वेगाने होतात, आणि एक सेल पेटला की शेजारचा पेटतो. विमानाच्या मालकक्षात आग विझवण्यासाठी हॅलॉन वायू सोडतात. तो ज्वाळा दाबतो, पण बॅटरीच्या आत चाललेली ही साखळी त्याने थांबत नाही. म्हणूनच १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यावर आंतरराष्ट्रीय बंदी आली, आणि मालवाहू विमानातही त्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज ठेवून पाठवता येत नाहीत.

हे वाचल्यावर भाचीच्या पिशवीतल्या प्रत्येक वस्तूचा मार्ग वेगळा आहे हे माझ्या लक्षात आले. उपकरणाच्या आत बसवलेली बॅटरी आणि उपकरणासोबत त्याच खोक्यात सुटी ठेवलेली बॅटरी यांचा घातक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीतला क्रमांक एकच, यूएन ३४८१, पण पॅकिंगच्या सूचना निरनिराळ्या, अनुक्रमे ९६७ आणि ९६६. एकटी बॅटरी म्हणजे यूएन ३४८०, आणि पॉवर बँकेची गणना याच वर्गात होते, तिला कितीही बटणे आणि दिवे असले तरी. टपालाचा नियम तर याहून कडक आहे: आंतरराष्ट्रीय टपालात फक्त उपकरणात बसवलेली बॅटरी चालते, तीही चार सेल किंवा दोन बॅटऱ्यांपर्यंत, आणि त्यासाठीही पाठवणाऱ्या देशाच्या टपाल खात्याच्या कार्यपद्धतीला विमान वाहतूक प्राधिकरणाची मंजुरी लागते. जादा बॅटरीमुळे माझ्यापुरता तो मार्ग बंद झाला.

मग मी दोन्ही जादा बॅटऱ्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. एकीवर ७.२ व्होल्ट, १०४० एमएएच आणि ७.५ वॉट-तास (बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचे माप) असे स्वच्छ छापलेले होते. दुसरी स्वस्तातली होती; तिच्यावर वॉट-तास नव्हतेच, आणि बोट लावले की ती ग्रॅनाइटवर किंचित डोलत होती, म्हणजे तिचे पोट फुगलेले होते. फुगलेली किंवा खराब झालेली बॅटरी विमानाने पाठवताच येत नाही. ती मी त्याच दिवशी ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिली आणि भाचीला तसे कळवले. चांगल्या बॅटरीचा यूएन ३८.३ या, वाहतुकीसाठीच्या सुरक्षा चाचणीचा सारांश कॅमेरा कंपनीच्या संकेतस्थळावर मिळाला. १ जानेवारी २०२० पासून तो उपलब्ध करून देणे उत्पादकांना बंधनकारक आहे. अनेक काउंटरवर फक्त एमएसडीएस, म्हणजे मालाच्या धोक्यांची माहिती देणारा कागद, मागतात, पण बॅटरी चाचणीतून गेली आहे हे या सारांशावरून कळते.

घातक माल रीतसर स्वीकारणाऱ्या एका सेवेकडे मी आधी सगळी माहिती लिहून दिली. मंजुरी यायला दोन दिवस लागले आणि पैसेही जास्त पडले, याची मला खंत नाही. उपकरणासोबतच्या सुट्या बॅटरीलाही २०२६ पासून ३० टक्क्यांची मर्यादा लागू झाली असल्याने ती कॅमेऱ्यात घालून मी दिवाळीचे फोटो एकामागून एक चालू ठेवले. आकाशकंदील, फराळाची ताटे आणि पांडवलेण्यांच्या पायऱ्यांवर बसलेली माझी आई असे सगळे दोनदा फिरून आले, तेव्हा पडद्यावर २८ टक्के दिसले. मग बॅटरीच्या टर्मिनलवर प्लास्टिकचे झाकण बसवून ती वेगळ्या पिशवीत ठेवली, आणि कॅमेरा वाटेत आपोआप चालू होणार नाही अशा बेताने त्याचे बटण पुठ्ठ्याने झाकले. सुटी बॅटरी असलेल्या खोक्याने १.२ मीटरवरून पडणे सोसले पाहिजे असा नियम आहे. मी तशाच दुसऱ्या खोक्यात कॅमेऱ्याच्या वजनाइतकी मटकी भरून ते छातीच्या उंचीवरून कोपऱ्यावर, कडेवर आणि सपाट असे पाडून पाहिले. पहिल्या खेपेला कोपरा चेपला, म्हणून जाड पुठ्ठ्याचे खोके आणले.

वरती लाल तिरप्या रेघांच्या चौकटीचे लिथियमचे चिन्ह लावले, त्यात यूएन ३४८१ लिहिले, आणि एअर वे बिलावर, म्हणजे विमानाने जाणाऱ्या मालाच्या कागदावर, सूचना ९६६ चा उल्लेख करून घेतला. आपल्या नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला यातले काही नवे वाटणार नाही. युरोपला जाणाऱ्या त्याच्या मालामागे बागेची नोंदणी असते आणि रेसिड्यूचा, म्हणजे फळात उरलेल्या औषधांच्या अंशाचा, अहवाल असतो, आणि पेटीवर जे लिहिले तेच आत निघाले पाहिजे हे तो जाणतो. आपल्या घरातून जाणाऱ्या एका खोक्याला वेगळा न्याय का लावावा, हे मला कळत नाही.

खोके नवव्या दिवशी पोहोचले. पॉवर बँक मात्र पाठवली नाही. ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ती ७४ वॉट-तासांची आहे, म्हणजे १०० च्या आत, त्यामुळे प्रवाशाला ती हातातल्या पिशवीत नेता येते. चेक-इनच्या बॅगेत ती चालत नाही. माझी बहीण मे महिन्यात लेकीकडे जाणार आहे. तोपर्यंत पॉवर बँक चारपैकी दोन दिवे लागतील इतक्या चार्जवर कपाटाच्या वरच्या खणात, उन्हापासून दूर ठेवली आहे, आणि बहिणीने ती हातपिशवीतच घ्यावी म्हणून तिच्यावर तशी चिठ्ठी चिकटवली आहे.