सायलेन्सर नव्हे, गॅस्केट

माझ्या बारा वर्षे जुन्या १५० सीसी मोटारसायकलचा फाटलेला आवाज आज सकाळी ठाण्यात, कोपरीतल्या गॅरेजमध्ये अखेर सुधारला. नवा सायलेन्सर घ्यायचे मी जवळजवळ ठरवलेच होते. परंतु मिस्त्रींनी थंड इंजिन सुरू करून, सायलेन्सरचा पाइप सिलिंडर हेडला जिथे जोडलेला असतो त्या सांध्यावर साबणाचे पाणी सोडले आणि तिथे भराभर बुडबुडे उठले. सांध्याभोवती काजळीचा काळा पट्टाही होता, जो मी इतके दिवस साधी धूळच समजत होतो. सांध्यातून धूर गळू नये म्हणून बसवलेली कडी, म्हणजे गॅस्केट, चेपले होते; ते बदलून त्यांनी दोन्ही नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळले, कारण एकच बाजू आधी आवळल्यास गॅस्केट तिरके बसते आणि गळती कायम राहते. एकूण खर्च २५० रुपये झाला.

सायलेन्सरच्या आतली जाळी काढून आवाज मोठा करण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला होता, पण तो मला मुळीच पटत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार ध्वनीचे निकष मोडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि आमच्या गल्लीत तान्ही बाळेही आहेत. परतताना तीन हात नाक्यावर थ्रॉटल सोडला, तेव्हा फटफट पूर्ण थांबली होती. उरला होता तो खोल, सलग आवाज, ज्यासाठी मी ही गाडी घेतली होती.